शेतकरी कुटुंबासाठी जुनी पेट्रोल गाडी : निवड, तपासणी आणि व्यवहार



चाकणच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी पहिल्याच फेरीत कनवटीला हात घालत नाही. तो दात मोजतो, खूर पाहतो, खांद्यावर जुन्या जखमेची खूण आहे का ते चाचपतो आणि जनावर चार पावले चालवून बघतो. विकणारा काय सांगतो यापेक्षा जनावर काय सांगते याकडे त्याचे लक्ष असते. मात्र तोच शेतकरी जुनी मोटारगाडी घेताना ताजे पॉलिश आणि नवी सीटकव्हरे पाहून इसार देऊन मोकळा होतो, असा अनुभव आहे.

सन २०१६ मध्ये माझ्या मामांनी रब्बी कांद्याच्या पट्टीतून एक लाख साठ हजार रुपये देऊन जुनी व्हॅन घेतली. मी बरोबर होतो. आम्ही इंजिनाचा आवाज ऐकला, टायर पाहिले, एक चक्कर मारली. कागद मात्र पाहिले नाहीत. ‘मूळ आर.सी. बुक आरटीओत आहे, आठवड्यात मिळेल’ या शब्दावर विश्वास ठेवला. पाच महिन्यांनी वसुलीची माणसे बांधावर आली. आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेले नव्हते. टोमॅटोचे क्रेट खाली उतरवून घ्यायला त्यांनी वेळ दिला, एवढाच काय तो दिलासा. गाडी गेली आणि पैसेही गेले. त्या एका चुकीत एका हंगामाची कमाई बुडाली. तीच चूक वाचकांकडून होऊ नये, यासाठी हा लेख आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण-तळेगाव पट्ट्यात जुन्या गाड्या मोठ्या संख्येने विक्रीस येतात. कारखान्यांतील नोकरदार वर्ग काही वर्षांनी गाडी बदलतो. त्यामुळे खेड, मावळ, शिरूर, जुन्नर तालुक्यांतील शेतकऱ्यांना घराजवळच चांगली गाडी मिळण्याची संधी आहे. मात्र याच पट्ट्यात कंपनीच्या कामगारांची ने-आण करून थकलेल्या गाड्याही रंग देऊन विकल्या जातात. या दोहोंतील फरक ओळखता आला पाहिजे.

१. आधी गरज ठरवा

गाडी पाहायला जाण्यापूर्वी घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. वर्षाला अंदाजे किती किलोमीटर फिरणे होईल? एका खेपेत किती माणसे आणि किती माल असेल? रस्ता कसा आहे, म्हणजे पावसाळ्यात वस्तीपर्यंत चिखल असतो की डांबरी सडक?

पाच आसनी गाडी साधारणपणे पाच माणसे व त्यांचे सामान, म्हणजे सुमारे चारशे किलो वजन धरून बनविलेली असते. नक्की आकडा त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो, तो पाहावा. चालक व आणखी एक माणूस वजा केले तर साधारण अडीचशे किलो उरतात. क्रेटच्या वजनासह टोमॅटोचा एक क्रेट २२ किलोंचा धरला तर ११ क्रेट, किंवा ५० किलोच्या कांद्याच्या पाच पिशव्या, एवढीच तिची मर्यादा होय. ज्यांचा माल नेहमी याहून जास्त असतो त्यांनी गाडीच्या भरीस न पडता भाड्याच्या टेम्पोने माल पाठवावा. घरातील माणसांची ये-जा, दवाखाना, मुलांचे कॉलेज, बियाणे-औषधे आणणे आणि फुले किंवा पालेभाजीची थोडी खेप, एवढी गरज असेल तरच ही गाडी उपयोगी पडते.

येथे एक कायदेशीर बाब लक्षात ठेवावी. खासगी नोंदणीच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी किंवा दुसऱ्याचा माल नेणे नियमबाह्य आहे. अशा वेळी अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

२. पेट्रोल की डिझेल?

ग्रामीण भागात डिझेल स्वस्त पडते असा जुना समज आहे. तो पूर्ण चुकीचा नाही, पण हिशोब मांडून पाहावा. समजा वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणे आहे. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ३५,००० रुपये येतो. डिझेल गाडी १८ किलोमीटर देते आणि डिझेल ९१ रुपये धरले, तर खर्च सुमारे २५,३०० रुपये येतो. फरक ९,७०० रुपयांचा. परंतु जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, पंप किंवा टर्बो यांपैकी एकाचे काम निघाले तरी दोन-तीन वर्षांची ही बचत एका दिवसात संपते. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. गाव ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही आणि तुंबते. वर्षाला दहा हजार किलोमीटरपेक्षा कमी फिरणाऱ्या कुटुंबाने म्हणून साधी पेट्रोल गाडी घेणे हिताचे ठरते.

सीएनजी जोडलेली गाडी मिळाली तर इंधनखर्च कमी होतो. मात्र सीएनजीची नोंद आर.सी.वर असलीच पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली असली पाहिजे. नोंद नसलेले किट असलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. टाकीमुळे मागची बरीचशी जागा जाते, हेही विसरू नये.

३. कोणती गाडी पाहावी?

मागे मोठी जागा असलेल्या लांब गाडीला परदेशात इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात. आपल्याकडेही त्या निघाल्या. पिंपरीच्या टाटा कारखान्यातून सन १९९२ मध्ये ‘टाटा इस्टेट’ बाहेर पडली, पण ती डिझेलवर चालणारी होती. सन २००४ मध्ये आलेली ‘इंडिगो मरिना’ पेट्रोलमध्येही मिळत असे. मारुतीची ‘बलेनो अल्टुरा’ ही पेट्रोल इस्टेट होती. आपल्याकडच्या ग्राहकाला मात्र वेगळी डिकी असलेली गाडीच भावली आणि या गाड्या बंद झाल्या. क्वचित एखादी मरिना आजही स्वस्तात दिसते. गाडी म्हणून ती वाईट नाही, पण दिव्याची काच किंवा मागच्या दाराचा भाग लागला तर भंगार बाजार पालथा घालावा लागतो. हौशी माणसाने ती घ्यावी, ज्याचा माल पहाटे बाजारात पोहोचायचा आहे त्याने घेऊ नये.

आज त्याच कामाच्या, अल्प किमतीत मिळणाऱ्या पेट्रोल गाड्या पुढीलप्रमाणे आहेत.

मारुती इको : सन २०१० पासून विक्रीत. बाराशे सी.सी.चे इंजिन, जोर मागच्या चाकांना. मागे वजन असताना चढावर व ओल्या रस्त्यावर चाके पकड धरतात. सरकती दारे असल्याने क्रेट भरणे-उतरविणे सोपे जाते. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. दोष असा की आवाज व उष्णता जास्त, आणि पूर्वी कंत्राटी वाहतुकीत राबलेल्या गाड्या बाजारात बऱ्याच असतात.

मारुती ओम्नी : सन १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली. दुरुस्तीला अत्यंत सोपी आणि स्वस्त. मात्र चालकाच्या पायांपुढे केवळ पत्रा असतो. अपघात-चाचणीचे नवे नियम आल्यावर २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. लेकरे-बाळे घेऊन महामार्गावर जाणाऱ्यांनी ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मारुती वॅगन आर : माल थोडा व माणसे जास्त असतील तर उत्तम. मागची सीट दुमडली की सहा-सात क्रेट बसतात. ॲव्हरेज चांगले मिळते.

मारुती अर्टिगा (पेट्रोल) : सन २०१२ पासून. तिसरी रांग दुमडली की खऱ्या अर्थाने इस्टेट गाडी होते. किंमत मात्र चढी असते.

रेनॉ ट्रायबर : सन २०१९ पासून. तिसऱ्या रांगेच्या सीट काढून ठेवता येतात. एक हजार सी.सी.चे इंजिन असल्याने पूर्ण भार घेऊन घाटात ओढ कमी पडते.

कंपनी बंद झाली असल्यास विशेष काळजी घ्यावी. शेवरोले गाड्या आपल्या तळेगावलाच बनत. जनरल मोटर्सने तो कारखाना २००८ मध्ये सुरू केला, २०१७ मध्ये देशातील विक्री थांबविली आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, तर डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. या गाड्या स्वस्त मिळतात त्याचे कारण हेच आहे. आपल्या गावचा मिस्त्री जी गाडी डोळे झाकून उघडू शकतो, ती आपली गाडी, असा साधा नियम धरावा.

गाडीचे वयही पाहावे. जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ऐपत असेल तर त्यानंतरची गाडी निवडावी.

४. कागदपत्रे : गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचा बोजा आहे का ते पाहतो. गाडीचा सातबारा म्हणजे आर.सी. बुक. ते पाहिल्याशिवाय बॉनेट उघडायलाही सांगू नये. परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी व कर्जाची नोंद घरबसल्या दिसते. थकलेले ई-चलानही पाहून घ्यावे. ते भरण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकावी आणि पावती मागावी.

पुढील बाबी एकेक करून तपासाव्यात.

(अ) चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून आर.सी.शी ताडून पाहावेत. आकडे घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले वाटले तर तेथूनच परत फिरावे.

(आ) आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा. ‘हप्ते फिटलेत, फक्त नोंद राहिली आहे’ हे वाक्य तोंडी ऐकून घेऊ नये. माझ्या मामांना हेच ऐकविले होते.

(इ) मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ व फॉर्म ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये आणि कोऱ्या फॉर्मवर दुसऱ्याची सही घेऊन समाधानही मानू नये. आर.सी.वर नाव असलेला मालक प्रत्यक्ष भेटलाच पाहिजे. तो हयात नसेल तर वारसाची कागदपत्रे आधी पूर्ण करून मागावीत.

(ई) गाडी परराज्यातील असेल तर तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्याने तेथील गाड्या अनेक वर्षे इकडे येत आहेत. त्या दिसायला स्वस्त असतात. कर, दाखला व हेलपाटे मिळविले की एमएच-१४ किंवा एमएच-१२ ची स्थानिक गाडीच स्वस्त पडते.

(उ) खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. १५ वर्षे झाली की गाडी भंगारातच काढावी लागते, हा समज आपल्याकडे चुकीचा आहे. तपासणीत योग्य ठरल्यास पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे १३-१४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करावा.

(ऊ) १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीस उच्च सुरक्षा नंबरपाटी बसविली आहे का ते पाहावे.

व्यापाऱ्याकडून गाडी घेत असल्यास त्याचे अधिकृत नोंदणीपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून असे पत्र घेणे नियमाने आवश्यक झाले आहे. मागायला संकोच वाटू नये. बियाण्याच्या दुकानात आपण परवाना पाहतोच.

५. इंजिन : थंड असतानाच पाहा

विकणाऱ्यास आदल्या दिवशीच सांगावे की ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागले तर सकाळी चालू होण्याची खोड लपविण्यासाठी ती आधीच तापविली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

गाडी सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल काळपट असणे स्वाभाविक आहे, पण ते ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. आत गंजाचे तांबडे पाणी असेल किंवा वर तेलाचा तवंग असेल तर गाडी सोडून द्यावी.

यानंतर किल्ली फिरवावी. इंजिनाच्या खुणेचा पिवळा दिवा आधी लागून इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो. बहुतेक २०१३ नंतरच्या गाड्यांना गॅरेजमधील तपासणी यंत्र जोडता येते. ते आठवणीतले दोष वाचून दाखविते.

धुराची भाषा शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही, कारण पंपाच्या इंजिनाशी आपला परिचय आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जाते. पहिल्या व तिसऱ्या दोषात इंजिन खोलावे लागते. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ दिसते, तिचा बाऊ करू नये.

मिस्त्रीकडून सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. हे काम थोड्या मजुरीत होते. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर इंजिन थकले आहे. एवढी एकच चाचणी केली तरी निम्मे धोके टळतात.

६. पत्रा आणि तळ

इंजिन बांधता येते, टायर बदलता येतात, पण कुजलेला तळ दुरुस्त करणे परवडत नाही. येथे शेतीच्या अभ्यासकाच्या नात्याने एक गोष्ट सांगतो. आपल्या मालवाहू गाड्या खतामुळे गंजतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठासारखेच क्लोराइड क्षार आहे. फाटक्या पोत्यातून ते सांडते, चटईखाली जाते, हवेतील ओलावा धरते आणि पत्रा खाऊ लागते. अमोनियम सल्फेट आणि युरियाचे सांडणेही बाधते. दुधाच्या कॅनमधून सांडलेले दूध आंबून आम्ल तयार होते. ओल्या भाजीचे पाणी तर रोजचेच. म्हणून शेतकऱ्याची किंवा दूधवाल्याची गाडी घेताना मागची चटई पूर्ण उचलावी आणि पत्र्यावर बोटाने, नंतर पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज भद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर गाडी नाकारावी. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी व पाट्यांच्या बैठका विशेष पाहाव्यात.

गाडी पुराच्या पाण्यात होती का, हेही पाहावे. सन २०१९ व २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे आणि जुलै २०२४ मध्ये पुणे परिसरात अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास त्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालचे रूळ गंजलेले असतात. बंद गाडीत कुबट वास येतो आणि तो लपविण्यासाठी अत्तराची कुपी टांगलेली असते.

अपघाताची खूण सकाळच्या उजेडात कळते. बाजूने तिरपे पाहिल्यास रंगाच्या छटेतील फरक दिसतो. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहावे. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर ते का खोलले होते ते विचारावे.

किलोमीटरचा आकडा हा विकणाऱ्याचा शब्द समजावा, पुरावा नव्हे. आकडा मागे फिरविणे अवघड नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाच्या सीटची बसकण हे खरे साक्षीदार आहेत. टायरवर चार आकडी तारीख असते. उदाहरणार्थ, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी ‘फक्त तीस हजार चाललेली’ असून टायर दुसऱ्या जोडीचे असतील तर हिशोब जुळत नाही.

७. रस्त्यावरची परीक्षा

प्राधिकरणातील गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही गाडी चांगली वाटते. किमान १५-२० किलोमीटर चालवावी, तीही तीन प्रकारच्या वाटेने. एक, चाकण चौकासारखी वाहनांची गर्दी : तेथे दहा-पंधरा मिनिटे रांगण्यात तापमानाचा काटा चढतो का आणि पंखा वेळेवर चालू होतो का ते दिसते. दोन, खेड घाटासारखा चढ : तेथे ओढ कळते आणि क्लच घसरतो का ते समजते. तीन, खडबडीत गाडीवाट : तेथे सस्पेन्शन, दारे व तळ बोलू लागतात.

क्लचची सोपी चाचणी अशी. मोकळ्या जागी पुढे कोणी नसताना हँडब्रेक पूर्ण ओढावा, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक आहे. इंजिन चालूच राहिले तर प्लेट संपत आली आहे. ही चाचणी एकदाच करावी. सरळ रस्त्यावर वेग कमी ठेवून स्टिअरिंग सैल धरावे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, टायर किंवा अपघात यांपैकी काहीतरी कारण आहे. शक्य असल्यास दोन-तीन माणसे मागे बसवूनच चालवावी, कारण आपल्याकडे ती रिकामी फिरणार नाही.

८. इथेनॉलयुक्त पेट्रोल

आपल्या उसापासून व मक्यापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. तथापि जुनी गाडी घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे जुन्या गाडीचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकते. दुसरी, इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या पद्धतीचे रबर फुगविते. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणास टिकतील असे बनविलेले आहेत. त्याआधीच्या, विशेषतः कार्बोरेटरच्या गाडीत इंधनाच्या नळ्या, वॉशर व फिल्टर पाहावेत. नळी चिकट किंवा भेगाळलेली वाटल्यास लगेच बदलावी. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओलसर हवेला जागा राहत नाही.

९. किंमत व जमाखर्च

हाती दोन लाख रुपये असतील तर दोन लाखांची गाडी घेऊ नये. दीड ते पावणेदोन लाखांची घ्यावी आणि उरलेली रक्कम हस्तांतर, विमा, ऑइल, बॅटरी व टायर यांसाठी राखावी. पेरणीनंतर खताला पैसे उरले नाहीत तर पीक जसे पिवळे पडते, तसेच गाडीचेही होते.

वर्षाचा अंदाजी खर्च उदाहरणादाखल देत आहे. यात आपापले आकडे घालावेत. पेट्रोल ३५,००० रुपये, विमा ८,०००, देखभाल १०,०००, टायर-बॅटरीचा वार्षिक वाटा ७,००० आणि गाडीची घटणारी किंमत १५,००० रुपये, असे एकूण ७५,००० रुपये. पाच हजार किलोमीटरला भागले तर किलोमीटरला १५ रुपये पडतात. टेम्पोचे व रिक्षाचे सध्याचे भाडे याच्याशी ताडून पाहावे. हिशोबात गाडी महाग ठरली आणि तरीही घरात आजारी माणूस किंवा लांबच्या कॉलेजात जाणारी मुलगी असल्याने ती घ्यावीशी वाटली, तर अवश्य घ्यावी. मात्र तो घरखर्च समजावा, शेतीचा नव्हे. त्यासाठी पीककर्जाच्या रकमेला हात लावू नये.

भाव करताना नवीन गाडीची किंमत माहीत असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा भाव सांगणारा पूर्वीचाच आकडा धरून बसला असेल तर त्याला हे सौम्यपणे सांगावे. तपासणीत सापडलेल्या दोषांची यादी व मिस्त्रीने सांगितलेला खर्च कागदावर मांडून बोलल्यास भाव कमी होतो. रुमालाखाली बोटे दाबून होणाऱ्या सौद्यापेक्षा हा उघडा हिशोब दोघांनाही बरा.

रक्कम शक्यतो बँकेमार्फत, आणि आर.सी.वर नाव असलेल्या मालकाच्याच खात्यात भरावी. ताबा घेतल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

१०. ताबा घेतल्यानंतर

गाडी दारात आली म्हणजे व्यवहार पूर्ण झाला असे नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची सूचना आरटीओला द्यावयाची असते. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. आधीच्या मालकाची विम्यातील सवलत त्याच्याकडेच राहते, ती गाडीबरोबर येत नाही. स्वतःची जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हे विसरू नये : आर.सी.वर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट व ब्रेक ऑइल बदलून घ्यावे. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो केव्हा बदलला याची पावती नसेल तर तो नवाच टाकावा.

शेवटी एक सुरक्षिततेची सूचना. या गाड्यांत माणसे आणि माल यांच्यामध्ये भिंत नसते. कीटकनाशके, तणनाशके किंवा पेट्रोलचा कॅन मुलांबरोबर एकाच गाडीत बंद काचांनी कधीही नेऊ नये. औषधे आणायची असतील तर झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावीत, काचा उघड्या ठेवाव्यात आणि त्या खेपेला घरची माणसे नेऊ नयेत. क्रेट दोरीने बांधावेत. ताशी साठच्या वेगात अचानक ब्रेक लावला की मोकळा क्रेट सरळ मानेवर येतो. खताची पोती ताडपत्रीवर ठेवावीत आणि काम झाल्यावर तळ पाण्याने धुऊन, दारे उघडी ठेवून वाळवावा. एवढे पथ्य पाळल्यास पत्रा बरीच वर्षे टिकतो.

थोडक्यात महत्त्वाचे

• आधी गरज, मग कागद, मग इंजिन, मग पत्रा, मग रस्ता आणि सर्वांत शेवटी भाव, हा क्रम मोडू नये.
• मूळ आर.सी. हातात आल्याशिवाय इसारही देऊ नये.
• इंजिन थंड असतानाच तपासावे व कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.
• चटई उचलून तळ पाहावा.
• हाती असलेल्या रकमेचा आठवा ते चौथा हिस्सा राखून ठेवावा.
• मनात शंका आली की घरी परत यावे. दुसरी गाडी नक्की मिळते.

माझ्या मामांनी २०१९ मध्ये पुन्हा गाडी घेतली. या वेळी आम्ही चार गाड्या नाकारल्या. पाचवी इको चिंचवडच्या एका निवृत्त गृहस्थांची होती. सर्व्हिसच्या पावत्या फाईलमध्ये तारखेने लावलेल्या, बोजा उतरल्याची नोंद आर.सी.वर. चौथ्या गाडीच्या वेळी मामा वैतागून म्हणाले होते, ‘अरे, किती बघायचं?’ आज ती गाडी मामीला दर महिन्याला दवाखान्यात नेते आणि शेवंतीच्या दिवसांत पहाटे फुले घेऊन बाजाराला निघते. वाचकांनीही नाकारण्याची सवय अंगी बाणवावी, हीच विनंती.